सोलापुरातून तेजोमेघांचे फोटो कसे घ्यावेत

तेजोमेघ (नेब्युला) म्हणजे अवकाशातले वायू आणि धुळीचे ढग. मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ, एम ४२ (मेसिए यादीतला क्रमांक), सोलापुरात दक्षिणेला सर्वांत उंच येतो तेव्हा क्षितिजापासून सुमारे ६७ अंश वर असतो. धनु राशीतला लगून तेजोमेघ, एम ८, सुमारे ४८ अंशांपर्यंत चढतो. लंडनमध्ये तोच एम ८ जेमतेम १४ अंशांवर, धुरकट हवेच्या थरात अडकलेला असतो. अगस्त्याच्याच समूहातला कराइना तेजोमेघ तर युरोपच्या मुख्य भूमीवरून उगवतच नाही. आपल्याकडे मार्चच्या सुरुवातीला मध्यरात्रीनंतर दक्षिण क्षितिजावर १२ अंशांवर दिसतो. त्यात नोव्हेंबर ते मार्च आपली हवा कोरडी आणि बहुतेक रात्री निरभ्र. परदेशी व्हिडिओ पाहून हा छंद शिकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून आधीच सांगतो: आपलं आकाश चांगलं आहे. फक्त उपकरणं आपल्या अक्षांशाला जुळवून घ्यावी लागतात.

रात्र आणि जागा

चंद्रप्रकाशात फिकट तेजोमेघ बुडून जातात. कृष्ण अष्टमी ते शुक्ल पंचमी हे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. एम ४२ साठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. डिसेंबरच्या मध्याला तो रात्री साडेबाराच्या आसपास माथ्यावर येतो. एम ८ आणि शेजारचा ट्रिफिड (एम २०) यांच्यासाठी मार्च-एप्रिलची पहाट गाठावी लागते. मे महिन्यात ते रात्री लवकर उगवतात खरे, पण तोवर वळवाचे ढग सुरू होतात. जूनमध्ये, ते रात्रभर आकाशात असताना, आपल्यावर पाऊस असतो. म्हणून धनु राशीच्या तेजोमेघांसाठी पहाटे अडीचला उठण्याची तयारी हवी.

शहरातल्या गच्चीवरून सुरुवात करायला हरकत नाही. एम ४२ इतका तेजस्वी आहे की रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडातही निघतो. पण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत गरम हवा सोडत राहतो आणि तारे थरथरतात; त्यामुळे गच्चीवर दहाच्या आधीची छायाचित्रं सहसा फुगलेली येतात. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते तेव्हा होम मैदानाच्या बाजूचं आकाश सोडून द्या.

शक्य असेल तेव्हा बार्शी, मोहोळ किंवा मंगळवेढ्याच्या बाजूला ओळखीच्या माणसाचं शेत गाठा. वस्तीवर आधी सांगून ठेवा, कारण रात्री शिवारात अनोळखी उजेड हलताना दिसला की लोकांना काळजी वाटणं साहजिक आहे. उसाच्या फडाशेजारी आणि कालव्याच्या काठी दव पडतं, जिरायती माळावर बरंच कमी. साखर कारखान्यांच्या हंगामात चिमणीचा धूर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला जातो तेही पाहा. काळ्या मातीत ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात आणि तासाभरात सगळी जुळणी बिघडते. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा एकेक तुकडा ठेवा. आपल्याकडे तो कुठल्याही बांधकामाजवळ मिळतो.

पैसे आधी माउंटमध्ये

दुकानात गेलं की नजर मोठ्या नळीकडे जाते. माझं ठाम मत आहे की पहिला खर्च दुर्बीण पेलून आकाशाच्या गतीने फिरवणाऱ्या मोटारीच्या विषुववृत्तीय माउंटवर करावा. कारण साधं आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. ४०० मिलिमीटर फोकल लांबीची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला कॅमेरा घेतला तर एका पिक्सेलमध्ये सुमारे १.९ विकला मावतात. म्हणजे माउंट स्थिर असेल तर तारा एका सेकंदात आठ पिक्सेल ओलांडतो, आणि आपल्याला तर दोन-दोन मिनिटांचं एक्स्पोजर हवं आहे.

हा हिशोब कुठल्याही जोडणीसाठी करता येतो: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, फोकल लांबीने भागा. उत्तर दीड ते तीनच्या दरम्यान असेल तर सुरुवातीला सोपं जातं.

दुर्बीण म्हणून ७० ते ८० मिलिमीटर भिंगाची, एफ/६ च्या आसपासची (फोकल लांबी भिंगाच्या व्यासाच्या सुमारे सहापट) ईडी रिफ्रॅक्टर, म्हणजे रंगदोष कमी करणाऱ्या काचेची भिंगाची दुर्बीण, पुरेशी आहे. सोबत फील्ड फ्लॅटनर, म्हणजे कोपऱ्यांतले तारेही गोल ठेवणारं जोडभिंग, घ्या. घरात जुना डीएसएलआर असेल तर त्यावरच शिका. ४०० मिलिमीटरला त्याच्या एपीएस-सी सेन्सरवर आकाशाचा सुमारे तीन अंश रुंद तुकडा येतो, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी-शेजारी. एम ४२ त्यात ऐसपैस बसतो. माउंटवर जेवढं वजन चालतं असं लिहिलेलं असतं, त्याच्या साठ टक्क्यांच्या आत सगळं सामान ठेवा.

साध्या डीएसएलआरची एक मर्यादा आहे. तेजोमेघांचा लाल रंग हायड्रोजन-अल्फाचा, ६५६ नॅनोमीटरचा असतो आणि कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा प्रकाश अडवतो. एम ४२ ला फारसा फरक पडत नाही, रोझेटसारख्या लाल तेजोमेघाला खूप पडतो. पुढे तो फिल्टर काढून मॉडिफाय केलेला किंवा थंड होणारा खगोल-कॅमेरा घ्याल तेव्हा हायड्रोजन-अल्फा आणि ऑक्सिजनच्या ५०० नॅनोमीटरच्या रेषा तेवढ्या जाऊ देणारा ड्युअल-बँड फिल्टर घ्या. शहरातून काम करणाऱ्याला तो फार उपयोगी आहे.

ध्रुव साधणं

इथे घाई करू नका. माउंटचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे नीट रोखलेला नसेल तर पुढचं काहीच नीट होत नाही.

सोलापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेसतरा-अठरा अंश वर असतो. बाजारातले बरेच माउंट यापेक्षा वरच्या अक्षांशांचा विचार करून बनवलेले असतात. त्याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे अक्ष जवळजवळ आडवा होतो, दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनांची दांडी सरळ खाली लोंबते आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला आपटते. ट्रायपॉड असा फिरवा की उत्तरेला पाय न येता दोन पायांमधली मोकळी जागा येईल. काही माउंटमध्ये त्यासाठी दिशेची खुंटी उलट बाजूला लावता येते; नसेल तर मधे एक्स्टेन्शनचा खांब घाला. दुसरा परिणाम असा की इतक्या कमी कोनात सगळा भार उंची बदलणाऱ्या बोल्टवर येतो. उंची जुळवताना नेहमी खालून वर येत थांबा, म्हणजे बोल्ट भाराखाली घट्ट राहतो.

क्रम असा ठेवा: स्पिरिट लेव्हलने ट्रायपॉड सपाट करा, होकायंत्राने उत्तर धरा (आपल्याकडे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक फार थोडा आहे), उंचीच्या पट्टीवर १७.७ लावा, मग पोलरस्कोपमधून (माउंटच्या अक्षातली छोटी दुर्बीण) ध्रुवतारा शोधा. ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही, त्यापासून अर्ध्या अंशापेक्षा थोडा जास्त बाजूला आहे. तो त्या क्षणी वर्तुळावर कुठे असायला हवा ते मोबाइलवरचं ॲप सांगतं.

गच्चीवरून उत्तरेला शेजारची पाण्याची टाकी आड येत असेल तर ड्रिफ्टची पद्धत वापरा. आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा, दक्षिणोत्तर रेषेवर आलेला एक तारा धरा आणि काही मिनिटं तो उत्तर-दक्षिण कुठे सरकतो ते पाहा. दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेकडे वळलेला आहे, उत्तरेला सरकला तर पश्चिमेकडे. ते दुरुस्त झालं की पूर्वेला खाली असलेला तारा घ्या. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली झुकलेला आहे, उत्तरेला सरकला तर जास्त वर आहे. लॅपटॉप असेल तर निना या मोफत प्रोग्रामची तीन-बिंदूंची पद्धत हेच काम ध्रुवतारा न दिसताही करून देते. तरी हाताने ड्रिफ्ट एकदा करून पाहाच. आकाश कसं फिरतं ते त्यातून नीट कळतं.

फोकस आणि गाइडिंग

व्याध किंवा मृगातला राजन्य (रायजेल) यांच्यावर दुर्बीण रोखा, पुढे बाहतिनोव्ह मास्क (फोकससाठीची चिरा पाडलेली चकती) लावा. ताऱ्यातून तीन रेषा फुटतात. मधली रेषा बाकी दोघींच्या बरोबर मधे आली की फोकस झाला. मास्क काढायला विसरू नका. हिवाळ्यात आपल्याकडे दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो, नळी आकसते आणि फोकस हलतो. पहिले दोन-तीन तास दर तासाला पुन्हा तपासा.

दीड-दोन मिनिटांच्या पुढे जायचं तर गाइडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत सुधारणं, हवं: छोटी गाइड दुर्बीण, तिच्यावर छोटा कॅमेरा आणि पीएचडी२ हा मोफत प्रोग्राम. कॅलिब्रेशन, म्हणजे माउंट कसा हलतो ते प्रोग्रामला मोजू देणं, आकाशाच्या विषुववृत्ताजवळ, दक्षिणोत्तर रेषेच्या आसपासच्या ताऱ्यावर करा. एकूण चूक तुमच्या एका पिक्सेलच्या विकलांपेक्षा कमी राहिली की पुरे. आलेखाकडे रात्रभर टक लावून बसू नका, फोटोतले तारे पाहा.

प्रत्यक्ष फोटो

रॉ फॉरमॅट, आयएसओ ८०० किंवा १६००, एक्स्पोजर ६० ते १२० सेकंद. कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डाव्या कडेपासून सुटलेला दिसला की पुरेसं आहे. शहरात तो ३० सेकंदांतच सुटतो, तेव्हा तिथे छोटे पण पुष्कळ फोटो घ्या.

एम ४२ च्या गाभ्यातले चार तारे, ट्रॅपेझियम, दोन मिनिटांत जळून पांढरे होतात. त्यासाठी ५ आणि १५ सेकंदांचे वेगळे वीस-वीस फोटो घ्या, नंतर जोडता येतात. हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली याच तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला तेव्हा एका काचेवर तासाभराच्या आसपास प्रकाश साठवला होता. आपण तो तुकड्या-तुकड्यांनी साठवतो. चित्रातला गोंगाट (दाणेदारपणा) फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे दुप्पट स्वच्छ चित्रासाठी चौपट वेळ द्यावा लागतो. शेतावरून एम ४२ ला दोन-तीन तास छान पुरतात. रोझेटला अनेक रात्री मिळून पाच-सहा तास द्या. एका रात्रीत पाच तेजोमेघ टिपण्यापेक्षा पाच रात्री एकच टिपलेला मला कधीही आवडेल.

विजेचं आधी पाहा. माउंट, थंड होणारा कॅमेरा आणि गाइडिंग मिळून १२ व्होल्टला पाच अँपिअरच्या आसपास लागतात. आठ तासांना ४० अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून ती दुप्पट क्षमतेची घ्या.

डार्क आणि फ्लॅट

झाकण लावून त्याच एक्स्पोजरचे, त्याच आयएसओचे आणि त्याच तापमानाचे वीस-तीस डार्क, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा दोष वजा करण्यासाठीचे काळे फोटो, घ्या. दुर्बिणीवर जाड सोलापुरी चादर टाकली की उजेड झिरपत नाही. एप्रिलच्या रात्री डीएसएलआरचा सेन्सर चांगलाच तापतो, तेव्हा जानेवारीचे डार्क एप्रिलला चालत नाहीत. थंड होणारा कॅमेरा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ३० ते ३५ अंश खाली जातो. उन्हाळ्यातही गाठता येईल असं एकच तापमान, समजा शून्य अंश, वर्षभरासाठी ठरवा. एकदा काढलेले डार्क मग सगळीकडे वापरता येतात.

फ्लॅट, म्हणजे धूळ आणि कडांचा काळोख दुरुस्त करण्यासाठीचे एकसारख्या उजेडाचे फोटो, पहाटे काढा. दुर्बिणीच्या तोंडावर धुवट पांढऱ्या धोतराचे दोन पदर ताणून बांधा, उजळत्या आकाशाच्या माथ्याकडे रोखा, हिस्टोग्राम मध्यावर आणा. फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन अजिबात हलवू नका. आपल्याकडच्या धुळीत फ्लॅट टाळले तर सेन्सरवरच्या प्रत्येक कणाचं काळं वर्तुळ चित्रात राहतं.

ताऱ्यांचा आकार पाहून जोडणी सुधारा

एकच फोटो पूर्ण मोठा करून चारही कोपरे आणि मध्य तपासा. सगळे तारे एकाच दिशेला लांबट असतील तर दोष माउंटमध्ये: तोल पाहा, पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, लोंबणाऱ्या केबल बांधून टाका. मध्ये गोल आणि चारही कोपऱ्यांत सारखे ओढलेले असतील तर फ्लॅटनर ते सेन्सर हे अंतर चुकलं आहे. बहुतेक फ्लॅटनरना ते ५५ मिलिमीटर लागतं. अर्ध्या मिलिमीटरच्या चकत्या घालून बदला. एकाच बाजूचे बिघडले असतील तर कॅमेरा तिरका बसलाय किंवा फोकसर वाकतोय, तेव्हा चिमटीच्या स्क्रूऐवजी आट्यांची जोडणी वापरा. प्रत्येक फोटोत तारे ठीक, पण पहिल्या आणि शेवटच्या फोटोत चित्र फिरलेलं दिसलं तर पुन्हा ध्रुव साधा. एकेक तारा जोडीने उमटला असेल तर वारा किंवा कुणाचा तरी धक्का.

एका रात्री एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

कॉम्प्युटरवर

डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल वापरा, दोन्ही प्रोग्राम मोफत. फोटो, डार्क आणि फ्लॅट देऊन स्टॅक करा, म्हणजे सगळे जोडून एक चित्र करा. स्ट्रेच करण्याआधी, म्हणजे फिकट छटा ताणून उजळ करण्याआधी, ग्रॅक्सपर्ट या प्रोग्रामने शहराच्या उजेडाचा उतार काढा, सिरिलमध्ये रंग जुळवा, मग हळूहळू स्ट्रेच करा. पार्श्वभूमी पूर्ण काळी करू नका, मृगातली फिकट धूळ त्याच करड्या छटेत असते. गाभ्याचे छोटे एक्स्पोजर जिम्पमध्ये मास्क लावून मिसळा.

मेअखेरीस सामान आवरताना भिंगं फुंकणीने साफ करा, माउंटवरची धूळ मऊ ब्रशने झाडा आणि सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. महिन्यातून एकदा जेलचा रंग पाहून ती तापवून कोरडी करा.