खारपाणपट्ट्यात समुद्र: क्लाऊनफिश आणि ॲनिमोन घरी कसे सांभाळावेत

दर्यापूरकडच्या आमच्या गावात घरात समुद्री माशांची टाकी लावतोय, त्यात क्लाऊनफिश (नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा) आणि तो ज्याच्या शुंडकांत राहतो तो ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारा, डंख मारणारा समुद्री प्राणी) ठेवणार म्हटल्यावर शेजारच्या काकांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "बोअरचं पाणी तं आपलं खारंच हाये, मंग मीठ कायले इकत आनतं बाप्पा?"

प्रश्न वेडा नाही, पण पूर्णेच्या खोऱ्यातला, म्हणजे आमच्या खारपाणपट्ट्यातला, खारेपणा वेगळा आणि समुद्राचा वेगळा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचं प्रमाण ठरलेलं असतं. बोअरचं पाणी त्याच्या आसपासही जात नाही. लोणारचं पाणी खारट असलं तरी भलतंच अल्कधर्मी, त्यात मासा तासभर टिकायचा नाही. तेव्हा उलटं करायचं: आपलं पाणी आधी पूर्ण 'कोरं' करायचं आणि मग त्यात समुद्र कालवायचा.

पाणी आणि टाकी

घरच्या आरओतून निघणाऱ्या पाण्यात थोडे क्षार राहतातच. त्यापुढे उरलेले क्षार शोषून घेणारं डीआय रेझिनचं काडतूस जोडा आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्यावर आला की पाणी साठवा. आरओचं टाकाऊ पाणी आमच्याकडे इतकं खारट असतं, की ते कढीपत्त्याच्या बुडाशीही ओतू नका. मीठ ॲक्वेरियमचंच घ्या, स्वयंपाकाचं चालत नाही. २०० लिटर पाण्याला साधारण ७ किलो मीठ लागतं. ते वेगळ्या पिंपात पंप लावून रात्रभर विरघळवायचं, टाकीत थेट टाकायचं नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारेपणा मोजणारं उपकरण) १.०२५ दिसलं की झालं.

टाकी २०० लिटरच्या आसपासची घ्या. नवख्याला लहान टाकी सोपी वाटते, पण चूक लपवायला तिच्यात पाणीच नसतं. आत कोरडा सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकचे तुकडे रचा. कोणी स्वस्तात जिवंत दगडी प्रवाळ आणून देतो म्हणाला, तर नको म्हणा. ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत.

आता टाकी मुरू द्या, लोणच्यासारखी. कोळंबीचा एक तुकडा आत कुजत ठेवला की अमोनिया तयार होतो. मग जिवाणू वाढतात आणि अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे सोडता येतात. ॲनिमोनला मात्र आणखी थांबावं लागतं. मी सहा महिन्यांच्या आत कुणालाही आणू देत नाही.

ऊन आणि वीज

विदर्भातली खरी परीक्षा मिठाची नाही. टाकीला हवं २४ ते २७ अंश आणि बाहेर मे महिन्यात पारा ४५ च्या वर. टाकी स्लॅबच्या खोलीत ठेवू नका. जुनं धाब्याचं घर असेल तर आतली, भिंतीला ऊन न लागणारी खोली निवडा. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की काही अंश उतरतात, तत्त्व कूलरचंच. पण श्रावणात हवा दमट झाली की कूलरसारखाच हा पंखाही निकामी होतो. पैसे असतील तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्याच, बाकीचा खर्च त्यापुढे दुय्यम.

पंख्याने पाणी उडतं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून भर घालायची ती डीआयमधून निघालेल्या कोऱ्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी तिथपर्यंत भरा. थंडीत रात्री पारा दहाच्या खाली गेला तर २०० वॅटचा हीटर लागेल.

लोडशेडिंगसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी हवा. घरच्या इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप घ्या, दिवे नंतर. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवा. पारा चढला की बंद बाटली टाकीत तरंगती सोडायची.

आणि फवारणी! कपाशीवर औषध मारून आलेला माणूस कितीही हात धुतलेला असो, त्याचा हात टाकीत नको. डासांची अगरबत्तीही त्या खोलीत लावायची नाही.

आधी मासे, मग ॲनिमोन

मासे दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान मागवा. उन्हाळ्यात गाडीत तापलेल्या पिशवीतून काय निघतं ते मी पाहिलंय. हॅचरीत (माशांच्या पैदास केंद्रात) वाढलेली ओसेलारिस जातीच्या क्लाऊनफिशची दोन लहान पिल्लं घ्या. नर-मादी विचारायची गरज नाही: सगळी पिल्लंच असतात, अजून ना नर ना मादी. दोघांतला मोठा आणि दांडगा मादी होतो, दुसरा नर. मादी मेली तर नराचीच मादी होते.

ॲनिमोनमध्ये बबल-टिप जातीचा सगळ्यात सोसणारा. कार्पेट ॲनिमोन दिसतो देखणा, पण त्याला वाळूचा थर लागतो, डंख जबर असतो आणि छोटे मासे तो गिळून टाकतो. निवडताना तोंड घट्ट मिटलेलं हवं, बुडाचा पाय फाटलेला नको आणि शुंडकं बोटाला चिकटायला हवीत. पांढराफटक ॲनिमोन 'सुंदर' नसतो. त्याच्या अंगातलं शैवाल निघून गेलेलं असतं आणि त्याचं बरंचसं अन्न त्या शैवालातूनच येतं. म्हणूनच त्याला रोज आठ-दहा तास चांगला प्रखर दिवा लागतो.

पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग तासभर थेंबथेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडा. वेव्हमेकर (पाण्यात लाटा उठवणारा पंप) बंद करून ॲनिमोन दगडाच्या खाचेजवळ ठेवा. एकदा पाय रोवला की ओढू नका. जागा आवडली नाही तर तो स्वतः चालत जातो. माझा पहिला असाच रात्री चालत गेला आणि वेव्हमेकरच्या जाळीत अडकला. सकाळी पाणी ताकासारखं झालं होतं, दुपारपर्यंत एक मासाही गेला. चूक माझीच. आता प्रत्येक पंपाच्या तोंडाला जाड स्पंज बांधलेला असतो.

मासा लगेच ॲनिमोनमध्ये शिरेल असं नाही. कधी तासाभरात, कधी दोन-तीन महिने ढुंकूनही बघत नाही. हॅचरीच्या पिल्लांनी ॲनिमोन कधी पाहिलेलाच नसतो. जाळीने ढकलू नका. आमच्याकडे मादी आधी शेपटी एका शुंडकाला लावायची आणि चटका बसल्यासारखी मागे सरायची. मग पोट घासलं, मग कल्ल्यांचा भाग. असे तीन दिवस गेले. चौथ्या संध्याकाळी दिवा बंद होताना ती आत जाऊन बसली आणि नर बाहेर घुटमळत राहिला.

पुढचं

आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, नायट्रेट १० पीपीएमच्या खाली ठेवा. ॲनिमोनला आठवड्यातून एकदा बोराएवढा कोळंबीचा तुकडा पुरतो. मोठा दिला तर दुसऱ्या दिवशी तोंडातून तसाच बाहेर येतो. मासे तो तुकडा पळवतात, म्हणून आधी त्यांचं पोट भरा. दिवसा थोडा वेळ आक्रसला तर घाबरू नका, तो पाणी बाहेर टाकत असतो. तोंड उघडं पडलं, अंग विरघळायला लागलं आणि कुजका वास आला तर मात्र त्याच मिनिटाला बाहेर काढा.

बबल-टिप मधोमध चिरून एकाचे दोन होतात. भरपूर खाऊन वाढला की होतात, कधी ताणामुळेही होतात. म्हणून आनंदून जायच्या आधी टेस्ट किट काढा.