वीस गुंठ्यांतली वाडी : कोंबड्या, शेळ्या आणि परसबाग यांची घडी कशी बसवावी

पुण्यात सदनिका आणि मुळशी, मावळ किंवा पुरंदरच्या बाजूला दहा-वीस गुंठे जमीन अशी दोन ठिकाणी विभागलेली घरे आता पुष्कळ झाली आहेत, आणि त्या जमिनीवर चार कोंबड्या, दोन शेळ्या व घरापुरती भाजी असावी असे त्यांतल्या बहुतेकांना वाटत असते. मला कोणी सल्ला विचारला की मी आधी एकच गोष्ट विचारतो : रोज दिवेलागणीला तेथे कोण हजर असेल? खुराड्याचे दार संध्याकाळी लागले नाही तर बाकीची सगळी हौस एका रात्रीत संपते. शनिवार-रविवारी जाऊन येणे आणि मधल्या पाच दिवसांत फोनवरून गड्याला सूचना देणे हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे. ज्यांना तेवढेच शक्य आहे त्यांनी झाडे लावावीत, जनावरे पाळू नयेत. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास देणारे माणूस वाडीवर असेल, तर मात्र पुढचे सगळे जमण्यासारखे आहे.

सुरुवात कोंबड्यांपासून करावी, आणि कोंबड्या आणण्याआधी खुराडे पुरे करावे. दहा-बारा पक्ष्यांना सहा फूट बाय पाच फूट जागा पुरते, म्हणजे प्रत्येकी साधारण अडीच चौरस फूट. जोते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्यावे आणि लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. आमच्या मुळशीकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणून ती आखूड बाजू पूर्ण बंद भिंतीची आणि दार पूर्वेला असे केले की आषाढातही आत पाणी येत नाही. छपराच्या पागोळ्या जोत्यापासून निदान दोन फूट लांब पडाव्यात. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जोडकाम केलेली घ्यावी. कुंपणाची मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्या वर्षी जाळी जमिनीलगत संपवली होती. एका पहाटे मुंगसाने तिच्या पायाशी उकरून आत प्रवेश केला आणि सात तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, माना फोडून जागच्या जागी टाकल्या, नेली एकही नाही. त्यानंतर जाळी एक फूट जमिनीत पुरली, तिचे टोक बाहेरच्या बाजूला वळवले आणि वर दगड रचले. आत बसायला दोन इंच जाडीचे गोल दांडे दोन फुटांवर लावावेत आणि चार-पाच माद्यांमागे अंडी घालण्यासाठी एक अंधारी पेटी ठेवावी.

जमिनीवर चार इंच भाताचे तूस पसरावे. मावळ-मुळशीत इंद्रायणी तांदळाच्या गिरण्यांतून ते सहज मिळते. तूस दर दोन दिवसांनी दाताळ्याने खालीवर करावे, आणि त्याची परीक्षा मुठीत करावी : मूठभर तूस दाबून सोडल्यावर मोकळे विस्कटले तर ठीक, गोळा होऊन राहिले तर ओल वाढली आहे. वासाची परीक्षा उभ्याने घेऊ नये. उकिडवे बसून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला नाक न्यावे. तेथे डोळे चुरचुरले तर कोंबड्या रात्रभर तेच श्वासात घेत आहेत असे समजून ओला भाग त्याच दिवशी काढावा आणि कोरडे तूस टाकावे. पाण्याच्या भांड्याभोवतीची जागा सर्वांत आधी बिघडते, म्हणून भांडे विटेवर ठेवावे.

कोणत्या जातीच्या कोंबड्या घ्याव्यात, यावर लोक जितका वाद घालतात तितका तो विषय अवघड नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, पण स्वतः खुडूक होऊन, म्हणजे अंड्यांवर बसून, पिल्ले काढते आणि घार दिसली की पिल्लांना पंखाखाली घेते. हैदराबादच्या संशोधनातून आलेली वनराजा किंवा बंगळूरची कावेरी अंडी जास्त देते, मात्र अंड्यांवर सहसा बसत नाही. म्हणून दोन-तीन गावरान माद्या आणि बाकीच्या सुधारित अशी सरमिसळ घरापुरती सोयीची पडते. नर आठ-दहा माद्यांमागे एक पुरे. नुसती खायची अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही. खडकीच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात आगाऊ चौकशी करून पिल्ले घेता येतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यावी लागते, पण तापमापकाहून पिल्लांकडे पाहणे अधिक भरवशाचे आहे : दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी आहे, चोच उघडून कडेला पळाली तर उष्णता जास्त आहे.

लसीकरण मात्र कधीही चुकवू नये, कारण मानमोडी, म्हणजेच राणीखेत हा रोग, एकदा शिरला की औषध उरत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतवरच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात राणीखेतचीच आर-टू-बी लस टोचून, असा सर्वसाधारण क्रम आहे. तो आपल्या पशुवैद्यकाकडून पक्का करून घ्यावा. येथे लहान वाडीवाल्यांची एक खरी अडचण येते. लसीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे बारा कोंबड्यांसाठी कुपी फोडायला जीव धजावत नाही. यावर उपाय म्हणजे वस्तीवरच्या सहा-सात घरांनी एकच दिवस ठरवावा, एकाने बर्फाच्या थर्मासातून लस आणावी आणि उन्हे चढण्याआधी सर्वांचे उरकावे. लस खिशात किंवा गाडीच्या डिकीत घालून आणणे म्हणजे पाणी टोचणे आहे.

खाण्याचे गणित असे आहे की मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते, आणि मोकळी फिरणारी कोंबडी त्यातला बराच भाग किडे, गवत व पडलेले दाणे यांतून मिळवते. उरलेले तांदळाची कणी, बाजरी, मक्याचा भरडा, थोडी शेंगदाणा पेंड आणि घरातली भाजीची देठे यांतून भागते. अंडी देणाऱ्या माद्यांना शिंपल्याची चुरी वेगळ्या भांड्यात कायम समोर असावी. खारट उरलेले अन्न आणि हिरवट बटाट्याच्या साली देऊ नयेत. पावसाळ्यात पोत्यातल्या मक्याला आणि पेंडीला बुरशी धरते; तिचे विष यकृतावर जाते आणि खाद्य वाळवले तरी ते विष निघत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपेक्षा जास्त माल भरू नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांकडे गेला की खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावे, आणि मातीच्या पसरट भांड्यांतले पाणी दिवसातून तीन वेळा बदलावे.

मादी खुडूक झाली, पेटीतून उठेना आणि हात लावला की पिसे फुलवून गुरगुरू लागली, की तिला रवणीला बसवावे. टोपलीत पेंढा घालून त्याखाली कडुनिंबाचा पाला ठेवावा, म्हणजे उवा कमी होतात. आठवड्याच्या आतली, न धुतलेली, मध्यम आकाराची दहा-बारा अंडी घेऊन संध्याकाळी, अंधार पडताना तिच्याखाली सरकवावीत. शेजारच्या आजी टोपलीत कोळसा आणि लोखंडाचा तुकडा ठेवायला सांगतात, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. मी ठेवतो, कारण त्याने काही बिघडत नाही आणि आजी रागावत नाहीत. सातव्या रात्री एकेक अंडे मोबाईलच्या उजेडावर धरून पाहावे. ज्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लालसर शिरा पसरलेल्या दिसतील ते जिवंत आहे, जे नुसते पिवळसर, आरपार स्वच्छ दिसेल ते फोल. ते काढून घ्यावे. अठराव्या दिवसानंतर टोपलीला हात लावू नये. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात.

शेळ्या दुसऱ्या वर्षी घ्याव्यात, आणि एकटी शेळी कधीही आणू नये, ती दिवसभर ओरडते. या भागात संगमनेरी चांगली टिकते, उस्मानाबादीही चालते. एका मोठ्या शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा पाला आणि किलोभर वाळका चारा लागतो, तेव्हा शेवरी, हादगा आणि शेवगा बांधावर आदल्या वर्षीच लावलेला असावा. सुबाभूळ फक्त मिसळून द्यावी, निव्वळ तीच दिली तर केस गळतात. गाभण काळ सुमारे 150 दिवसांचा असतो आणि करडाला पहिल्या तासाभरात चीक मिळालाच पाहिजे. आंत्रविषाराची लस मृगाच्या आधी टोचून घ्यावी, आणि पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर सोडण्यापूर्वी थोडा कडबा खाऊ घालावा. गोठा वरूनही बंद हवा, कारण मुळशी-जुन्नरच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. राहता राहिली परसबाग : शेळी आणि वांग्याचे रोप यांच्यामध्ये पक्के कुंपण नसेल तर रोप राहत नाही, यावर चर्चा नको.

परसबागेची खरी ताकद खुराड्यातून निघणाऱ्या तुसात आहे, पण ते ताजे वाफ्यात टाकले तर मुळे जळतात. तूस, सुका पाला आणि लेंड्या यांचे थर देऊन कंबरेइतका ढीग रचावा, ओलसर ठेवावा आणि पंधरा दिवसांनी उलटावा. ढिगात पहार खुपसून दहा मिनिटांनी काढावी. टोक हाताला चटका देत असेल तर काम चालू आहे, गार असेल तर पाणी किंवा उलथापालथ कमी पडली आहे. तीन-चार महिन्यांत खत काळे, मोकळे आणि मातीच्या वासाचे होते. पावसाळ्यात ढिगावर ताडपत्री हवीच, नाहीतर सगळा कस ओढ्याला जातो. मृगावर दोडका, कारले आणि घेवडा मांडवाला चढवावेत, दसऱ्याच्या सुमारास मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरावी, उन्हाळ्यात गवार आणि चवळी. पीक निघालेल्या रिकाम्या वाफ्यात कोंबड्यांना आठ दिवस कोंडले की त्या तणाचे बी आणि अळ्या वेचून काढतात. कच्ची खायची भाजी त्या वाफ्यात लगेच न पेरता निदान तीन महिने दुसरे पीक घ्यावे.

अंडी रोज दोनदा गोळा करावीत, धुऊ नयेत, कोरड्या फडक्याने पुसून टोकदार बाजू खाली करून ठेवावीत. शंका आल्यास पाण्यात सोडावे : तळाला आडवे पडले तर ताजे, तरंगले तर टाकून द्यावे. मेलेला पक्षी ओढ्यात फेकू नये, तीन फूट खोल पुरावा. एकाच दिवशी बरेच पक्षी मेले तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

गणपतीत किंवा लग्नकार्याला चार दिवस गावी जायचे असेल, तर शेजाऱ्यांना निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष बोलावून दार कसे लागते, पाणी कोठून घ्यायचे आणि मोजणी कशी करायची, हे त्यांच्या हातून एकदा करवून घ्यावे. कोंबड्या किती आहेत हा आकडा खुराड्याच्या दारावर खडूने लिहावा. त्या चार दिवसांतली अंडी अर्थातच शेजाऱ्यांची.