रोजगार मेळाव्याला जाताय? रांगेत उभं राहण्याआधीची आणि घरी परतल्यावरची कामं

मेळाव्यातून परतणाऱ्या कुणालाही विचारा, "काय झालं?" उत्तर ठरलेलं असतं : "वीस ठिकाणी बायोडेटा देऊन आलो." कुणाशी बोललात, असं पुढे विचारलं तर एकही नाव आठवत नाही. हातात माहितीपत्रकांची पिशवी आणि पायात गोळे, एवढीच दिवसाची कमाई.

आता टेबलाच्या पलीकडून हिशेब करून बघा. एका स्टॉलवर दोन माणसं, सहा तास, प्रत्येक उमेदवाराला तीन मिनिटं. म्हणजे दिवसाला २४० जण. मी त्या खुर्चीवर बसलेलो आहे. दुपारनंतर चेहरे एकमेकांत मिसळायला लागतात. संध्याकाळी गठ्ठा चाळताना वर येतात ते कागद, ज्यांच्या कोपऱ्यात आम्ही पेनाने काहीतरी खरडलेलं असतं : "एक्सेल चांगलं", "फिरतीला तयार". तुमच्या कागदावर कुणीतरी असे दोन शब्द लिहावेत, यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

पहिली पायरी : यादी छाटा

येणाऱ्या कंपन्यांची यादी बहुतेक वेळा आधीच जाहीर होते. ती घेऊन बसा आणि तीन गट करा : नक्की भेटायचं, जमलं तर, वेळ उरला तर. पहिल्या गटात पाच-सहापेक्षा जास्त नावं नकोत. या पाच-सहा कंपन्यांच्या वेबसाइटवर नोकरीचं पान उघडा. पदाचं नेमकं नाव, कामाचं ठिकाण आणि पात्रतेच्या अटी वहीत उतरवून घ्या. कंपनी कधी स्थापन झाली हे पाठ करू नका, कुणी विचारत नाही. ती काय विकते, तिचे ग्राहक कोण आणि तुम्ही त्यात कुठे बसता, एवढं पुरे.

पात्रतेची अट आधी वाचली की एक फायदा लगेच होतो. ज्या रांगेत तास घालवून "तुमची शाखा चालत नाही" ऐकायचं होतं, त्या रांगेत तुम्ही उभेच राहत नाही.

दुसरी पायरी : बायोडेटा

नवख्याला एक पान, अनुभवी माणसाला फार तर दोन. समोरचा माणूस तुमचा कागद उभ्याउभ्या, गोंगाटात, काही सेकंदांत बघणार आहे. त्यामुळे वरच्या एक तृतीयांश भागात चार गोष्टी दिसल्याच पाहिजेत : नाव, फोन, कोणतं काम हवंय, आणि ते येत असल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. "मेहनती, प्रामाणिक, जिद्दी" हे शब्द खोडा. ते बाकीच्या २३९ कागदांवरही आहेत. त्याऐवजी आकडा लिहा : किती जणांची टीम सांभाळली, रोजची किती बिलं तपासली, प्रकल्प किती आठवड्यांत संपवला.

मांडणी साधी ठेवा. बऱ्याच कंपन्या बायोडेटा सॉफ्टवेअरमध्ये भरतात. दोन रकाने, चौकटी आणि चित्रं असली की त्यातला मजकूर उलटसुलट वाचला जाण्याची शक्यता असते. दोन वेगळ्या प्रकारची कामं शोधत असाल तर दोन वेगळे बायोडेटा करा. एकाच कागदावर अकाउंट्सही आणि मार्केटिंगही पाहिलं की समोरच्याला दोन्हींबद्दल शंका येते. ई-मेलचा पत्ता कॉलेजात गंमत म्हणून काढलेला असेल तर नवा काढा. पीडीएफ फाइलला स्वतःचं नाव आणि पद द्या आणि ती फोनमध्येच उतरवून ठेवा, कारण गच्च भरलेल्या हॉलमध्ये इंटरनेट ऐनवेळी दगा देतं. प्रती लागतील त्याच्या दुप्पट काढा.

तिसरी पायरी : पहिली तीस सेकंदं

सगळ्यात कमी तयारी याचीच केली जाते. स्टॉलवर जाऊन बहुतेक जण म्हणतात, "सर, काही व्हेकन्सी आहे का?" याचं उत्तर "बायोडेटा ठेवून जा" असंच येतं आणि संभाषण संपतं. त्याऐवजी असं काही :

"नमस्कार. मी तीन वर्षं गोदामात मालाचा हिशेब ठेवलाय. गेल्या वर्षी वहीतल्या सगळ्या नोंदी मी एक्सेलमध्ये आणल्या. तुमच्याकडे स्टोअर सहायकाची जागा निघालेली पाहिली. त्या कामात दिवसभरात जास्त वेळ कशात जातो?"

यात कोण, काय केलं आणि इथेच का, हे तिन्ही आलं. शेवटी प्रश्न असल्यामुळे समोरच्याला बोलावं लागतं, आणि तो बोलायला लागला की तीन मिनिटांची पाच होतात. अनुभव नसेल तर गोदामाच्या जागी प्रकल्प, इंटर्नशिप किंवा घरच्या धंद्यात केलेलं काम सांगा. हे मोठ्याने बोलून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते, वाटू द्या. मात्र शब्द न् शब्द पाठ करू नका. मध्येच कुणी प्रश्न विचारला की पाठांतराची गाडी रुळावरून घसरते.

त्या दिवशी

कपडे नीटनेटके, बूट तासन् तास उभं राहता येईल असे. दोन पेनं, छोटी वही, पाण्याची बाटली. मित्रांसोबत जरूर जा, पण स्टॉलवर एकट्याने. आई-वडील सोबत असतील तर त्यांना बाहेर थांबायची विनंती करा. उमेदवाराऐवजी पालकच उत्तरं देऊ लागले की पेन खाली ठेवलं जातं.

लवकर पोहोचा. आधी पूर्ण हॉलला एक फेरी मारा, आणि पहिली दोन संभाषणं "जमलं तर" गटातल्या कंपन्यांशी करा. तिथे जीभ मोकळी होते, चुका तिथेच होऊन जातात. मग जेवणाच्या सुट्टीआधी, समोरची माणसं ताजी असतानाच, आपल्या पाच-सहा जणांकडे वळा.

"आमच्या वेबसाइटवर अर्ज करा" हे वाक्य ऐकलं की लोक हिरमुसतात. ते नकार समजू नका. अनेक ठिकाणी अर्ज ऑनलाइनच घेण्याचा नियम असतो. तिथून निघण्याआधी तीन गोष्टी विचारा : पदाचा क्रमांक कोणता, अर्जात या भेटीचा उल्लेख कुठे करू, आणि अर्ज भरल्यावर कुणाला कळवू? पगाराचा विषय आपण काढू नये, पण विचारलं तर पटकन सांगता येईल असा आकडा मनात असावा. स्टॉल सोडल्यावर बाजूला उभं राहून लगेच टिपून घ्या. तीन स्टॉलनंतर लिहायला बसलात तर कोण काय म्हणालं याची खिचडी होते.

रांगेतला वेळही फुकट घालवू नका. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण सरळ आहे : जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. पुढे उभी असलेली अनोळखी मुलगी मात्र वेगळ्या कंपनीत मुलाखत देऊन आलेली असू शकते.

कुणी पैसे मागितले तर

नोंदणी, प्रशिक्षण, अनामत, गणवेश, नाव काहीही असो, नोकरीसाठी आधी पैसे भरा म्हटलं की तिथून निघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या कराराचं सातवं कलमच सांगतं की, मोजके अपवाद सोडले तर, खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून थेट किंवा आडून शुल्क घेऊ नये. मूळ प्रमाणपत्रं दाखवायला न्या, ठेवायला देऊ नका. ओटीपी आणि बँकेचा तपशील तर नाहीच. जागच्या जागी ऑफर लेटर किंवा बाँड पुढे आला तर घरी नेऊन वाचायला वेळ मागा. खऱ्या कंपनीला त्यात अडचण वाटत नाही.

घरी आल्यावर

त्याच रात्री ऑनलाइन अर्ज भरा, मग ई-मेल करा. चार ओळी बास : "आज दुपारी स्टोअर सहायकाच्या पदाबद्दल आपलं बोलणं झालं. महिनाअखेरच्या साठामोजणीची अडचण आपण सांगितलीत. ते काम मी तीन वर्षं केलं आहे. अर्ज भरला असून त्याचा क्रमांक सोबत देत आहे. आपण वेळ दिलात, आभारी आहे." साठामोजणीचा तो उल्लेख महत्त्वाचा, २४० जणांतून तुम्ही नेमके कोण, हे त्यावरून आठवतं.

आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच, नम्रपणे विचारा. त्यानंतर शांत राहा. आणि ज्या प्रश्नावर तुम्ही अडखळलात तो झोपण्याआधी वहीत लिहून ठेवा, मुलाखतीत बहुधा तोच पहिला येतो.