टॅरो कार्डावरचं चित्र कसं वाचावं: ‘सिक्स ऑफ स्वोर्ड्स’च्या आधाराने

टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून प्रश्नाचं वाचन करणं, शिकायला घेतलं की बहुतेक जण कार्ड उचलतात आणि लगेच सोबतची पुस्तिका उघडतात. तिथे दोन ओळींत अर्थ छापलेला असतो. तो वाचला की चित्राकडे पुन्हा नीट बघणं होतच नाही. पुस्तिका सगळ्यात शेवटी उघडायची.

सुरुवातीला रायडर-वेट-स्मिथ डेकच (पत्त्यांचा कॅट) घ्या. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या डेकची आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. एकूण ७८ पत्ते: २२ मेजर अर्काना (‘डेथ’सारखे मोठे, स्वतंत्र पत्ते), ५६ मायनर (चार संचांत विभागलेले). यात मायनरच्या आकड्यांच्या पत्त्यांवरही प्रसंग चितारलेले आहेत. जुन्या फ्रेंच ‘मार्सेय’ पद्धतीच्या डेकमध्ये सहाच्या पत्त्यावर नुसत्या सहा तलवारींची नक्षी असते. नवख्याला त्यातून फारसं काही हाती लागत नाही. स्वस्त नकलांमध्ये चित्राच्या कडा कापल्या जातात, म्हणून खालच्या कोपऱ्यात स्मिथ यांची नागमोडी सही पूर्ण दिसते का ते पाहा. रंगांच्या छटा प्रत्येक आवृत्तीत बदलतात. निव्वळ छटेवरून अर्थ लावू नका.

पहिली पायरी: अर्थ न लावता यादी करा. पाच मिनिटं, वहीत. ‘सिक्स ऑफ स्वोर्ड्स’मध्ये, म्हणजे तलवारींच्या संचातल्या सहाच्या पत्त्यावर, काय दिसतं? एक नाव (होडी). उभा राहून बांबूने नाव ढकलणारा माणूस. अंगभर वस्त्र ओढून बसलेली एक व्यक्ती, शेजारी मूल. तिघेही पाठमोरे. नावेत उभ्या रोवलेल्या सहा तलवारी. पलीकडे झाडं असलेला किनारा. “दुःखी बाई” असं लिहिलंत तर ते खोडा. चेहरा दिसतच नाही, मग दुःख कुठून आलं? “पाठमोरी, डोकं झाकलेलं” एवढंच लिहायचं. सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात.

दुसरी पायरी म्हणजे दिशा आणि फरक. कोण कुठे बघतंय, कोण काम करतंय, कोण नुसतं बसलंय? पाण्याकडे बघा: नावेच्या एका बाजूला लाटा आहेत, दुसरीकडे पाणी सपाट. चित्रकाराने मुद्दाम केलेला असा फरक हा या पत्त्यातला मोठा धागा. दुसरा धागा तलवारींचा. त्या नावेच्या तळात रुतल्यात. उपसून फेकल्या तर भोकांतून पाणी आत येईल. म्हणजे जे बोचतंय ते सोबत घेऊनच पलीकडे जायचंय. पुस्तिकेतल्या “प्रवास, सुटका” या दोन शब्दांत हे येत नाही.

तिसरी पायरी: संच आणि आकडा. वाँड्स (काठ्या) अग्नी, कप्स (पेले) जल, स्वोर्ड्स (तलवारी) वायू, पेंटॅकल्स (नाणी) पृथ्वी. वायू म्हणजे इथे विचार, बोलणं, वाद. पंचमहाभूतांतलं आकाश या चौकटीत बसवायचा प्रयत्न करू नका. शेजारचे पत्ते लावून बघा: पाचवर एक जण तलवारी गोळा करतोय आणि दोघे पाठ फिरवून चाललेत, सातवर एक जण छावणीतून तलवारी घेऊन गुपचूप सटकतोय. सहाचं शांत निघून जाणं या दोघांमध्ये ठेवलं की जास्त उठून दिसतं.

चौथी पायरी आपल्याकडच्या वाचकाने मुळीच गाळू नये. चित्रांतली चिन्हं युरोपातली आहेत, नजर आपली. ‘फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स’मध्ये एक बाई बर्फातून अनवाणी चाललीय. उपनगरातून प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला अनवाणी चालत जाणारे लोक पाहिलेल्या मुंबईकराला तिथे नवस दिसेल. चित्रात मात्र ती वणवण आहे: सोबत कुबड्यांवरचा माणूस, वर उजळलेली चर्चची खिडकी, आत जायचं दार कुठेच नाही. ‘डेथ’च्या काळ्या झेंड्यावरचा पांढरा गुलाबही शोकाचा नाही, निर्मळपणाचा आहे. वहीत दोन रकाने आखा: चित्राच्या परंपरेतला अर्थ आणि विचारणाऱ्याच्या मनात उठलेला अर्थ. दुसरा खोटा नसतो, पण पहिल्यात मिसळला की वाचन घसरतं.

शेवटी प्रश्नाला जोडा, क्रियापद असलेल्या एकाच वाक्यात. समजा कोणी विचारलं, “गिरगावातलं घर सोडून डोंबिवलीला जाऊ का?” तर “हो, जा” हे वाचन नव्हे. “तुम्ही निघू शकता, पण घरातला जुना वाद सोबत येईल, आणि नाव चालवणारा कोण, ते आधी ठरवा.” यातला प्रत्येक भाग चित्रात बोटाने दाखवता येतो. जो दाखवता येत नाही, तो काढून टाका.

कार्ड उलटं आलं तर सरळ अर्थाचा उलटा अर्थ करू नका. आधी सरळ धरून वाचा, मग ती हालचाल कुठे अडकलीय ते विचारा: इथे नाव अजून किनाऱ्यालाच बांधलेली असू शकते. आजारपण आणि कोर्टकचेरीचे प्रश्न पत्त्यांवर घेऊच नका. ते डॉक्टर आणि वकिलांचं काम आहे.