आधी मीटर, मग दिवे

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री साडेअकराला देखाव्यातलं माझं अख्खं मॉडेल रेल्वे स्टेशन लख्ख पेटलं, मग निळसर झालं आणि गपकन विझलं. सव्वीस एलईडी. खाली थर्माकोलवर रेझिस्टरच्या (दिव्यातला करंट आवरणारा बारका तुकडा) जागी तपकिरी भोकं, आणि घरभर तो वास. बाप्पा दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या स्टेशनापुढं बसले. कारण एकदम फालतू होतं, ते खाली येईल, दोनतीनदा येईल, कंटाळा आला तरी वाचा.

यंदाही तेच करतोय. कोल्हापूर स्टेशन, पुढं रुकडीचा पंचगंगेवरचा पूल, १९७१ ला मिरज लाईन ब्रॉडगेज झाली त्याच्या आधीचा काळ. स्केल एचओ, म्हणजे १:८७. मीटरगेजला या स्केलमध्ये १२ एमएमचे रूळ पाहिजेत आणि मी १६.५ चे टाकलेत हे मला माहीत आहे, त्यावरून कुणी भांडू नका, मिळाले नाहीत. जुना काळ आहे म्हणून एलईडी वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर, घ्या, पांढऱ्याफेक दिव्यात स्टेशन मोबाईलच्या दुकानासारखं दिसतं.

पहिल्यांदा मोजणी. दिवे किती, एकेक किती खातो. छोट्या एलईडीला ९-१० मिलिअँप बास, सव्वीसचे मिळून पाव अँपिअर होतात, म्हणजे १२ व्होल्ट २ अँपिअरचा साधा अ‍ॅडाप्टर घेतला तरी पोटभर शिल्लक. जुन्या काचेच्या गव्हाएवढ्या बल्बला प्रत्येकी ५०-६० लागतात आणि ते तापतात, थर्माकोलच्या घरात ते लावूच नका. आणि अँपिअर जास्त असला म्हणून एलईडी जळत नाही हो, दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच. तो लागेल तेवढाच ओढतो. जळतो व्होल्ट जास्त झाल्यावर.

रुळाच्या कंट्रोलरवरून दिवे घेऊ नका. साध्या डीसी कंट्रोलरवर गाडी हळू केली की दिवे मंद, गाडी उलटी फिरवली की प्लस-मायनस उलटे आणि सगळे बंद. दिव्यांना वेगळा सप्लाय, विषय संपला.

आता ते जळण्याचं कारण. माझं सिग्नलचं लुकलुकणारं मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतं म्हणून सगळे दिवे ५ वरच घेतलेत, प्रत्येकाला २२० ओहमचा रेझिस्टर. (५ मधून एलईडीचे ३ गेले, उरले २, भागिले २२०, झाले ९ मिलिअँप. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर, एकावर दहा टांगायचे नाहीत.) सप्लायचे जास्तीचे व्होल्ट ५ वर आणायला एलएम२५९६ चं ते छोटं बक कन्व्हर्टर (व्होल्ट कमी करणारं मॉड्यूल), निळ्या डबीवर पितळी स्क्रू असतो ते. गेल्या वर्षी जुनं कन्व्हर्टर नीट सेट केलेलं होतं, संध्याकाळी त्याची तार तुटली, पळत जाऊन नवीन आणलं आणि तसंच जोडलं. तेच मॉडेल, तोच रंग, मग काय बघायचं? नवीन मॉड्यूलचा स्क्रू कुठंही असू शकतो. माझा पार वर होता आणि मागं लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा चार्जर. म्हणजे ९ मिलिअँपच्या जागी साठ-सत्तर.

म्हणून आऊटपुटला काहीही न जोडता, परत सांगतो, काहीही न जोडता, मीटर, म्हणजे मल्टिमीटर, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर लावा आणि स्क्रू घड्याळाच्या उलट फिरवा. सुरुवातीचे दहा-पंधरा फेरे आकडा हलणारही नाही, वैतागून जोर लावू नका, फिरवत राहा. ५ आले की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब. मग एकच दिवा जोडा, परत मोजा. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात तर नाही ना ते बघा, तिथं असेल तर व्होल्ट मोजायच्या ऐवजी सरळ शॉर्ट होतं. मीटरचा सेलही नवा टाका, उतरलेल्या सेलवर स्वस्तातला मीटर खोटं बोलतो.

वायरिंग सोपं आहे. बोर्डाखालून ०.७५ चौरस एमएमच्या तारांची लाल-काळी जोडी शेवटपर्यंत, तिच्यावरून बारीक तारा वर, जोडणी कनेक्टर पट्टीत. दिव्याची केसाएवढी तार उघडी दिसते पण तिच्यावर वार्निश असतं, ब्लेडनं खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही. प्रत्येक भागाला ५०० मिलिअँपचा वेगळा फ्यूज, म्हणजे पुलावर शॉर्ट झाला तर स्टेशन तरी जिवंत राहतं. पण फ्यूज व्होल्टपासून वाचवत नाही, माझ्या सव्वीस दिव्यांनी मिळून दोन अँपिअरही ओढले नव्हते, तिथं १ अँपिअरचा फ्यूज कदाचित उडाला असता, पण तोवर एलईडी गेलेच असते. त्याला उपाय मीटरच.

तारांना मास्किंग टेपच्या चिठ्ठ्या लावा. सगळ्या लाल तारा सारख्याच दिसतात.

घरांच्या भिंतींना आतून काळा रंग, नाहीतर पुठ्ठ्यातून उजेड येऊन स्टेशन मास्तरचं ऑफिस आकाशकंदील होतं. छप्पर फेविकॉलनं चिकटवू नका, डबल टेप बास, उघडावं लागणारच आहे.

बाकी मग बाप्पा यायच्या चार दिवस आधी सगळं दोन तास सलग चालवून बघायचं, हात लावून काय तापतंय का ते बघायचं, स्पेअर एलईडी पाच-सहा. एक्स्टेंशन बोर्ड पडद्यामागं. झालं.

स्पेअर कन्व्हर्टर आत्ताच ५ वर सेट करून, नेलपॉलिश लावून डबीत ठेवलंय, डबीवर तारीख टाकलीय. बाहेर काढलं तरी परत मोजणार.