घाटात गाडी बंद पडली तर टोइंग कसं मिळवायचं

गाडी बंद पडली की बरेच जण आधी बॉनेट उघडतात. प्लीज तसं करू नका, विशेषतः मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर. गाडीला जो काही वेग उरलाय त्यातच ती डावीकडे शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर घ्या, हॅझार्ड लावा, हँडब्रेक ओढा आणि घाटात असाल तर चाकाला दगड लावा (निघताना तो दगड आठवणीने रस्त्यावरून बाजूला करा, मागच्या कुणाचा तरी टायर फुटतो).

मग सगळ्यांनी डाव्या दारानेच उतरायचं आणि रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं. पाऊस असला, लहान मुलं असली तरी छत्री घ्या पण गाडीत बसून राहू नका, मागून ट्रक धडकला तर आतल्यांना काहीच करता येत नाही. मागच्यांना सावध करणारा लाल त्रिकोण डिकीत असतो, तो गाडीला चिकटून ठेवून उपयोग नाही, कारण शंभरच्या स्पीडला गाडी एका सेकंदात २८ मीटर जवळ येते. निदान ५० मीटर मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्या आधी.

आता जागा नीट कळवणं, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. "अमृतांजन पुलाजवळ आहे" असं लोक अजून सांगतात, तो पूल २०२० मध्येच पाडलाय आणि नवीन ऑपरेटरला तो माहीत असेलच असं नाही. किलोमीटरचा दगड किंवा बोर्ड बघा, त्यावरचा आकडा सांगा, मुंबईकडे चाललोय का पुण्याकडे तेही सांगा, कारण चुकीच्या बाजूला क्रेन आली तर तिला लांबून वळून यावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशनही टाका.

फोन कुणाला? कोणी जखमी असेल किंवा गाडी लेनमध्येच अडकली असेल तर थेट ११२. नॅशनल हायवेवर, म्हणजे सातारा-कोल्हापूरकडे वगैरे, १०३३. एक्सप्रेसवेचा हेल्पलाइन नंबर वेगळा आहे, निघायच्या आधीच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. हायवेची क्रेन साधारणपणे गाडी सुरक्षित जागी नेऊन सोडते, तुमच्या गॅरेजपर्यंत नाही. त्यापुढे इन्शुरन्स किंवा कार कंपनीचं रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे आरएसए. अपघात असेल तर साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही गाडी उचलायचे साधारण १,५०० रुपयांपर्यंत मिळतात, पण नुसत्या ब्रेकडाऊनला आरएसए अ‍ॅडऑनच, म्हणजे पॉलिसीसोबत जादा पैसे भरून घेतलेलं कव्हर, लागतं. किती किलोमीटरपर्यंत फुकट आणि पुढे काय रेट, हे फोनवरच विचारून घ्या.

खासगी टोइंगवाला बोलवावा लागला तर हूक लागायच्या आधी रेट ठरवा. टोल, रात्रीचा चार्ज, परतीचं भाडं धरून एकूण किती, हे त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. आपोआप येऊन थांबलेला, "माझ्या ओळखीचं गॅरेज आहे" म्हणणारा माणूस असेल तर मी तरी नाही म्हणेन.

ऑटोमॅटिक, फोर बाय फोर किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर फ्लॅटबेडच मागा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक. दोनच चाकं उचलून बाकीची फरफटत नेली तर गिअरबॉक्स किंवा मोटर जाऊ शकते आणि तो खर्च टोइंगच्या कितीतरी पट असतो. टो हूक बहुतेक गाड्यांत जॅकच्या शेजारी असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे स्क्रूसारखा पूर्ण घट्ट फिरवायचा, अर्धवट राहिला तर ओढताना निसटतो.

गाडी चढवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो, मीटरच्या रीडिंगचा फोटो, आतलं सामान आणि कागदपत्रं काढून घ्या. रात्री गॅरेज बंद असेल तर गाडी कुठे उभी राहणार आणि किल्ली कुणाकडे असणार हेही विचारा. पैसे दिले की पावती घ्याच, त्यावर गाडीचा नंबर आणि कुठून कुठे नेली ते लिहिलेलं असलं तरच क्लेम करताना ती चालते.