मेंडेलीव्हच्या तक्त्यात हेलियम घालू नका

विज्ञान प्रदर्शनाचं परीक्षण करायला गेले की आवर्तसारणीचा, म्हणजे रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने मांडलेल्या मूलद्रव्यांच्या वर्गवारीचा, तक्ता हमखास समोर येतो. गेल्या वर्षीही आला. चकचकीत फ्लेक्स, वर ठळक अक्षरांत ‘मेंडेलीव्हची आवर्तसारणी, १८६९’ आणि खाली आजचे अठरा गण, म्हणजे उभे स्तंभ. मी हेलियमवर बोट ठेवून विचारलं, “हा १८६९ मध्ये कुणाच्या हाती होता?” मुलगी गप्प झाली. तिचे सर म्हणाले, “नेटवर असाच मिळतो, मॅडम.”

अरगॉन १८९४ चा. पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला मिळाला १८९५ मध्ये. मेंडेलीव्हकडे होती ६३ मूलद्रव्यं, आणि अणुअंक (अणूतल्या प्रोटॉनांची संख्या) तर कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तयार तक्ता उतरवून घेतला की मेंडेलीव्हची सगळी झटापटच गायब होते, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या वर्गात जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते करतात. पत्त्यावर नाव, अणुवस्तुमान आणि ऑक्साइडचं सूत्र, बस. मग वजनाच्या क्रमाने लावायला बसा. आयोडीन १२७, टेल्युरियम १२८, इथे गाडी अडते. घायकुती मुलं आयोडीन आधी ठेवून मोकळी होतात आणि ते गंधक-सेलेनियमच्या रांगेत जाऊन बसतं. त्याचं खरं गोत्र क्लोरीन-ब्रोमीनचं. मेंडेलीव्हने गुणधर्म पाहून टेल्युरियम आधी ठेवलं आणि त्याचं वजनच चुकीचं मोजलंय असं ठरवलं. वजन बरोबर होतं. १९१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने क्ष-किरणांवरून अणुअंक काढले तेव्हा उलगडा झाला, खरा क्रम अणुअंकाचा: टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. तेव्हा ‘मेंडेलीव्हने फक्त वजनावरून मांडणी केली’ असं उत्तरपत्रिकेत लिहिलंत तर मी पूर्ण गुण देत नाही.

न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी मेंडेलीव्हने सोडलेल्या रिकाम्या जागांना ‘अंदाज’ म्हणून उडवून लावू नका. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं तेव्हा शोधणाऱ्या ब्वाबोद्राँने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने कळवलं, ५.९ च्या आसपास यायला हवी. धातू आणखी शुद्ध करून मोजला, तर ५.९ च आली! वर्गात हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएच्या १७८९ च्या मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश, उष्णता आणि चुना पाहून हसू नका. ज्याचं आणखी विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, ही त्याची कसोटी होती. चुन्यातला कॅल्शियम वेगळा काढायला १८०८ मध्ये डेव्हीला वीज वापरावी लागली.

डोबेरायनरची त्रिकं (सारख्या गुणांच्या तीन मूलद्रव्यांत मधल्याचं वजन बाकी दोघांच्या सरासरीजवळ) पाठ करू नका, गणित करा. क्लोरीन ३५.५, आयोडीन १२७, सरासरी ८१ च्या जवळ. ब्रोमीन ८०.

आणि विजयदुर्ग. १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने तिथून सूर्यावरचा हेलियम शोधला, असं दर ऑगस्टमध्ये फिरतं. त्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता, लॉकियर इंग्लंडात. लॉकियर विजयदुर्गला आला १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ला जरूर पाहा, पण फोटोखाली सन १८९८ लिहा.